भावजींचं घड्याळ आणि कॅम्पातले नवरदेव

भावजी,

तुमचं घड्याळ चालू आहे. आधी हेच सांगते, कारण तुमी समोर असतात तर आधी हेच विचारलं असतं. माणसं बरी आहेत का, गया नीट जेवते का, हे सगळं मागून. रोज सकाळी चहाच्या आधी मी चावी देते. तुमी शिकवली तशीच, दोन बोटांत धरून, सावकाश, आन् चावी जड लागली की तिथंच थांबते. गयाला म्हणलं, तुझ्या नवऱ्याचं आहे, तू दे. तर म्हणाली, "आक्का, माझे हात भाकरीचे. माझ्याच्यानं कायतरी तुटल." म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

तुमी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक तुमच्यावर लय चांगलं बोलले. पॉवर हाऊसातले साहेब बोलले, विहार कमिटीचे बोलले. नोकरीला कधी लागलात, कधी निवृत्त झालात, ड्यूटी कधी चुकवली नाही, विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा सगळ्या कॅम्पाला पेढे कसे वाटलेत. सगळं खरं. पण मला ऐकताना वाटायलं होतं की हे दुसऱ्याच कुणाबद्दल सांगायलेत. कारण घड्याळाचं नाव कुणीच काढलं नाही. येलदरी धरणाच्या कॅम्पात आपल्या लोकांत तुमचं घड्याळ हातावर न बांधता बोहल्यावर उभा राहिलेला नवरदेव इतक्या वर्षांत शोधून सापडायचा नाही, आन् एकाच्याही तोंडात घड्याळ नाही! मला आधी नवल वाटलं. मग कळलं, लोक ते नाव मुद्दाम टाळायलेत. का टाळत होते, ते पुढं सांगते. तुमाला राग येईल, पण शेवटापर्यंत ऐकून घ्या. मधी बोलायची सवय तुमची, आता तेवढी नाही तर नाही.

तुमी माझे दीर, पण वयानं माझ्याहून फार लहान नव्हता. धरणाच्या कामावर आपली दोन्ही घरं संगं आली. धरण झालं, पॉवर हाऊस उभं राहिलं, तुमचे दादा मातीकामावरच राहिले आन् तुमी थोडं शिकलेले म्हणून पॉवर हाऊसात लागलात. तिथं भिंतीवर ताटाएवढं घड्याळ. त्याच्याकडं बघून तासातासाला आकडे लिहायचं तुमचं काम. म्हणजे वेळ बघायला म्हणून तुमाला दुसऱ्या घड्याळाची गरजच नव्हती. तरी शौक लागला तो घड्याळांचाच. कुणाला पानाचा असतो, कुणाला पत्त्यांचा असतो. तुमचे दादा म्हणायचे, "दिवसभर घड्याळाकडं बघून बी ह्याचं मन भरंना."

सुट्टीच्या दिवशी तुमी बाजेवर धुतलेलं धोतर अंथरायचा आन् एकेक घड्याळ त्याच्यावर मांडायचा. मला हाक मारायचा, "वहिनी, या, दरबार भरलाय." मी हातातलं काम टाकून यायची, कारण मलाही गोडी लागली होती. ते पूर्णेच्या एका रेल्वे गार्डाचं, जाड काचेचं. ते एका जुन्या तहसीलदाराचं, चौकोनी, पट्टा कुजलेला. आन् सगळ्यांत मधी ते खिशातलं, सोन्याच्या झाकणाचं, उर्दू आकड्यांचं. परभणीत एका जुन्या अधिकाऱ्याच्या घरची चीजवस्तू विकायला निघाली तेव्हा तुमी ते आणलं होतं. आत पाचाचा आकडा पत्त्यातला बदाम उलटा ठेवल्यासारखा. मला शाळा नाही, अक्षरं मी लेकरांच्या पुस्तकातून उचलली, पण त्या तबकडीवरून उर्दू आकडे मला तुमी शिकवलेत. माझा जीव होता त्या घड्याळावर. तुमाला ते माहीत होतं. तरी विकलंत.

हा आपला भांडणाचा मुद्दा. तो मिटलेला नाही आन् तुमी गेलात म्हणून मी तो सोडायलेय असंही नाही.

नामांतरावरून गावाकडं झालेल्या दंगलीला दोन-तीन वर्षं झाली असतील. तुमी एक दिवस म्हणलात, "वहिनी, हैदराबादला जायचं. गयाला चारमिनार दाखवायचाय." आमी दोघी खूश. पूर्णेला गाडीत बसलो, तर तुमच्या मांडीवर कापडी पिशवी, खाली ठेवायला तयार नाही. मला वाटलं, घड्याळं दुरुस्तीला न्यायलेत. चारमिनार लांबूनच दाखवलात आन् आमाला घेऊन गेलात एका घड्याळाच्या पेढीत. मोठ्या काचेची कपाटं, आत अत्तराचा वास, आन् गल्ल्यावर मेंदी लावलेल्या दाढीचे एक म्हातारे शेठ.

त्यांनी तुमच्या पायातल्या चपलेपासून वर बघत बघत विचारलं, "साब नै आए?"

तुमी म्हणलात, "आए ना."

"कां हैं?"

"ये क्या, तुमारे सामने खडे हैं."

मी आन् गयानं एकमेकींकडं बघितलं. शेठ असे खदखदून हसले की आतून नोकर बघायला आला. "आओ साब, बैठो साब," म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली. आमाला दोघींना चहा आला. तुमी पिशवी उघडली आन् सगळा दरबार त्यांच्या काचेवर मांडला. गार्डाचं, तहसीलदाराचं, सगळी. शेवटी उर्दू आकड्यांचं. मी तुमचा सदरा मागून ओढला. तुमी मागं बघितलंच नाही.

शेठनी एकेक घड्याळ कानाला लावलं, डोळ्याला भिंग लावून बघितलं, बराच वेळ लावला. मग आत जाऊन एक निळ्या मखमलीची डबी घेऊन आले आन् तुमच्यापुढं उघडली. म्हणाले, "घडी नवी है साब. मगर इसकी तहजीब पुरानी है."

आता खरं सांगते, भावजी. ते घड्याळ मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझीही नजर त्याच्यावरून हलंना. तुमाला वाटलं मी रागानं बघायलेय. राग होता, पण तो उर्दू आकड्यांसाठी. ह्याच्यावर रागावता येईल असं ते नव्हतंच.

अंग सोन्याचं, पण इतकं पातळ की सदऱ्याच्या बाहीखाली गेलं तर बाहीला पत्ता लागू नये. तबकडी पांढरी नाही, पिवळी नाही, तापवून निवलेल्या दुधावरच्या सायीची. तिच्यावर आकडे जुन्या वळणाचे, बारीक, लिहिणाऱ्यानं श्वास धरून लिहावेत असे. काटे निळे. लोखंड भट्टीत तापलं की लाल व्हायच्या आधी एक निळा रंग धरतं, लोहाराकडं मी बघितलेला, तोच निळा. आन् सेकंदाचा काटा सगळ्यांच्या डोक्यावरून पळत नाही. त्याला खाली सहाच्या जागेवर आपलं वेगळं चिमुकलं घर. तिथं तो एकटाच फिरतो, कुणाच्या मधी येत नाही. काच मधी जराशी फुगीर, थेंबासारखी. रात्री चमकायचे आकडे नाहीत, तारीख नाही, वार नाही. एवढं सोनं घातलेलं आन् दिमाख म्हणून कसला नाही. मी लग्नात पाटल्या मिरवणाऱ्या बायका बघितल्यात, आन् एखादी अशीही बघितली जी कोपऱ्यात बसली तरी सगळ्यांची नजर तिच्याकडंच जाते. हे घड्याळ त्या दुसरीच्या जातीचं.

त्याचा आवाजही तसाच. गार्डाचं घड्याळ टकटक करायचं, दार वाजवल्यासारखं. हे कानाला लावलं तरी असं वाटतं की पलीकडच्या खोलीत कुणीतरी तांदूळ निवडायलंय.

हे सगळं मी तेव्हा बोलले नाही. परतीच्या गाडीत बोलले ते एवढंच, "भावजी, खरी जुनी देऊन जुन्यावानी दिसणारं नवं आणलंत. नव्या नवरीनं आजीचं लुगडं नेसलं म्हणून ती आजी व्हती का?"

तुमी मनगट पुढं धरून म्हणलात, "आजी व्हत न्हाई. पर नवरी कशी दिसायलीय ते सांगा."

गया खिडकीतून बाहेर बघत हसली. मी तोंड फिरवलं.

मग वर्षभर मी तुमाला सोडलं नाही. घड्याळ पॉवर हाऊसाच्या घड्याळापेक्षा थोडं मागं राहायचं, तर मी टोचायची, "तुमची नवरी मागं पडायलीय." तुमी म्हणायचा, "मागं पडत न्हाई, वहिनी. सावकाश चालायलीय. घाई तिच्या खानदानात न्हाई." दादा आन् बाकीचे पोट धरून हसायचे. पण विकलंत का, ह्याचं उत्तर तुमी देत नव्हता. दिलंत ते एका दुपारी, मी मागच्या दारी मासे साफ करायले होते तेव्हा. धरणातला ताजा रोहू होता. तुमी येऊन उंबऱ्यावर बसलात, मी विचारलंही नव्हतं, आन् आपणहून बोललात. मी ते शब्दाला शब्द सांगू शकते.

"वहिनी, गावातलं आपलं घर पेटवलं तवा माय काय म्हणून रडायली होती, ध्यानात हाय का?"

मी म्हणलं, हाय. घरासमोर राखेत बसून म्हातारी एकेक वस्तूचं नाव घेऊन रडत होती. वाड्यावरून मिळालेली गोधडी. मालकिणीनं दिलेला पितळी गडू, त्याला पोच पडलेली. पाटलाच्या पोराचं जुनं जाकीट.

"तेच. मी उभा राहून ऐकायलो होतो. जळलं ते बी आपलं नव्हतं, वहिनी. सगळं कुणाचंतरी उतरलेलं. आन् कॅम्पात परत येऊन मी माझी घड्याळं काढून बसलो, तर ती बी तसलीच. तहसीलदारानं उतरवलेलं, गार्डानं उतरवलेलं. लय देखणी, पर दुसऱ्याचं मन भरल्यावर माझ्याकडं आलेली. जुन्या गोष्टीची नजाकत मला आवडती. पर उतरलेलं नको वाटायलं. हे घड्याळ डबीतनं निघालं आन् पहिल्यांदा माझ्या हाताला लागलं. रूप जुन्या काळाचं, पर पहिला हात माझा."

मी माशाचे खवले काढत राहिले. म्हणलं, "उर्दू आकड्यांचं तेवढं ठिवायचं होतं." तुमी हसलात आन् उठून गेलात.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं होतं ते सांगायचं राहिलं. आता सांगते. मला माझं लग्नातलं लुगडं आठवलं. ते आईनं मालकिणीकडून आणलं होतं, पदराला एक रफू होता, आन् सगळ्या लग्नात माझं अर्धं ध्यान तो रफू झाकण्यात गेलं. ही गोष्ट मी कुणाला कधी बोलले नव्हते, तुमच्या दादांनासुद्धा नाही. ती कुठं दुखते ते तुमी घड्याळाचं निमित्त करून बरोबर दाखवलंत. तुमचे उपकार मानायला पाहिजे होते, आन् मी घड्याळावरच अडून राहिले. चालायचंच. दीर-भावजयीत सगळं बोलून दाखवायचं नसतं.

पण माणूस तरी कसला! पहिला हात माझा म्हणून एवढं मिरवलंत, आन् त्याच उन्हाळ्यात शेजारच्या सुदामाच्या लग्नात त्याचं मोकळं मनगट बघून स्वतःच्या हातावरचं काढून त्याला बांधलंत. पुढच्या लग्नात परत तेच. मी चिडवलं, "आता तुमचं उतरलेलं लोकांला बांधायलात व्हय?"

तुमी तेव्हा चिडला नाहीत, समजावून सांगितलंत. "उतरलेलं कसं देतात, वहिनी? मागच्या दारी उभं करून, वरून हातात टाकतात. मी त्येच्या घरी जातो, चावी देतो, माझ्या हातानं बांधतो. टाकलेल्या वस्तूला कुणी असं घरपोच नेऊन बांधतं का?"

खरंच नेऊन बांधायचा. लग्नाच्या दिवशी सकाळी आंघोळ, पांढरा सदरा, आन् डबी हातात घेऊन तुमची स्वारी नवरदेवाच्या दारात. बारीक मनगटाच्या पोरासाठी चांभाराची आरी घेऊन पट्ट्याला नवीन भोक पाडायचा. शेवटी पट्ट्याची चाळणी झाली, पण पट्टा बदलू देईनात. कोणतं भोक कुणाचं हे तुमाला पाठ. "हे सुदामाचं. हे भीमराव वायरमनचं, आता त्येला बसायचं न्हाई, खाऊन फुगलाय."

आन् ते लग्न आठवतं का, ज्यात सगळा घोटाळा झाला? पोरगी बाहेरगावची. तेव्हा रीत अशी की पोरीच्या बापानं जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ द्यायचा. मोठ्या घरचे बघून आपल्यातही शिरलेली रीत. सगळे विधी झाले, वंदना झाली, घड्याळ काही निघंना. नवरदेव फुगून बसला. त्याची आई व्याह्याच्या मागं लागली, "ठरलेलं घड्याळ कुठाय?"

तो बिचारा घामाघूम. धोतराच्या कनवटीत हात घालतो, परत काढतो. म्हणाला, "आवं विहीणबाई, आणलंय की मी. पर जावयबापूच्या हातावर सोन्याचं बघितलं आन् माझं हे स्टीलचं काढायची लाज वाटायली."

तुमी मांडवात उभे राहिलात आन् मोठ्यानं म्हणलात, "पाव्हणं, लाजू नका. नवरदेव तुमचा हाय, घड्याळ माझं हाय. सांजच्याला मी माझं घेऊन जाणार, तुमचं तुमी घेऊन जावा वाटल्यास." सगळा मांडव हसून लोळला. व्याह्यानं स्टीलचं घड्याळ काढलं, पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ते पाणी तुमी बघितलंत. दुसऱ्या दिवशी विहारात सगळ्यांना बसवलंत आन् बोलून घेतलंत की इथून पुढं कॅम्पातल्या कुणी पोरीच्या बापाला घड्याळ मागायचं नाही. नवरदेवाला घड्याळ पाहिजे ना, हे घ्या, हे कॅम्पाचं. सायकल आन् रेडिओ काही सुटले नाहीत, लोक तेवढे शहाणे नव्हते. पण घड्याळ सुटलं. त्या दिवसापासून ते एका बापाच्याही गळ्याला पडलं नाही.

हे तुमचं काम. पुण्यानुमोदनाला हे सांगायला पाहिजे होतं.

आता ते का सांगितलं नाही, ते. परभणीच्या दवाखान्यात तुमी गेलात तेव्हा घड्याळ तुमच्या हातावर होतं. नर्सनं काढून माझ्या हातात ठेवलं. चालूच होतं. ती गोष्ट कॅम्पात पोचली आन् लोकांची बोलती बंद झाली. मयताच्या हातावरचं घड्याळ. तोंडानं कुणी बोललं नाही, पण महिन्याच्या आत कळलं. आपल्या पलीकडच्या घरातली पारूबाई, तिच्या मिलिंदचं लग्न ठरलं आन् तिनं पोरीच्या बापाला निरोप धाडला, घड्याळ लागेल म्हणून. तो पाथरीकडं दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. निरोप ऐकून तो शेळी विकायला निघाला म्हणे.

मी तशीच पदर खोचून गेले. म्हणलं, "पारू, घड्याळ मागितलंस म्हणं?"

"मागावं लागलं, आक्का."

"का? कॅम्पाचं हाय की."

तिनं खाली बघून पदर सारखा केला. "राग नको धरू. ते मयताच्या हातावरचं हाय."

"आगं, शुभ-अशुभ सोडून आपल्याला किती दिस झाले! दीक्षेला तूच सगळ्यांच्या म्होरं व्हतीस."

"सोडलं की. मी माझ्यापुरतं सोडलं. पर लेकराच्या लग्नात मन धजत न्हाई." आन् मग हळूच म्हणाली, "आक्का, तुझे भावजीच म्हणायचे न्हाई का, उतरलेलं नको म्हणून? मग त्येंचं उतरलेलं माझ्या लेकराला कसं बांधू?"

बघा, भावजी. तुमचंच बोलणं उचलून तिनं माझ्यापुढं ठेवलं. घरी येऊन मी तुमच्या फोटोपुढं उभी राहिले आन् मोठ्यानं भांडले. म्हणलं, तुमी एवढं शहाणपण सांगून गेलात, आता ह्याचं काय उत्तर देऊ ते बी सांगून जायचं होतं. गया चुलीपुढं बसून ऐकत होती. मी डबी काढली, घड्याळ बघितलं, परत ठेवलं. इतकं देखणं घड्याळ आन् आता कपाटात पडून राहणार, आन् पाथरीकडच्या माणसाची शेळी जाणार, आन् मग पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची. तुमचं एवढ्या वर्षांचं केलेलं असं एका निरोपानं पुसायला लागलं होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मिलिंद आला. तुमी त्याला ओळखता, पॉवर हाऊसात वायरमन म्हणून लागलाय, मान खाली घालून चालणारा. आला तो सरळ गयापुढं बसला.

"काकू, घड्याळ घेऊन लग्नाला या."

गया घाबरली. "आरं, तुझ्या मायला नको हाय ना."

"मायचं मी ऐकलं. म्हणली, उतरलेलं हाय. मी म्हणलं, कुणाचं उतरलेलं ते तर बघ. मालकाचं उतरलेलं येगळं. आमच्या घरात आजोबाचं म्हणून एक चमचा न्हाई, काकू. माझ्या बापाची म्हणून एक वस्तू न्हाई. सगळ्या कॅम्पात कुणाच्याच घरात न्हाई. हे एक काकाचं म्हणून हाय. ते बी कपाटात घालायचं का?"

मी चुलीजवळ उभी होते. भावजी, पहिला हात माझा, असं तुमी म्हणला होता. पहिला हात म्हटला की दुसरा कुणाचा, हे तुमी कधी बोलला नाहीत आन् मी कधी विचारलं नाही. ते ह्या पोरानं सांगितलं.

मी म्हणलं, "बरं, मी येते बांधायला."

मिलिंद म्हणाला, "तुमी न्हाई, मोठ्या काकू. गया काकू. काका बांधायचे, आता काकूनं बांधायचं."

गयाच्या हातातली पळी तशीच राहिली. "मी? आरं, तुझे काका जाऊन वर्षसुद्धा झालं न्हाई. मी नवरदेवाला हात कसा लावू? लोक काय म्हणतील?"

"तुमी आला न्हाईत तर मोकळ्या हातानं उभा राहतो. पोरीच्या बापाचं घड्याळ मी घेत न्हाई."

"आन् तुझी माय?"

"माय तुमच्या दारातच उभी हाय. विचारा."

खरंच, पारूबाई दाराआड उभी होती, पोराच्या मागं मागं आलेली. सगळं ऐकलं होतं तिनं. पुढं आली, डोळे पुसले, आन् आपल्याच ठसक्यात म्हणाली, "मी काय म्हणू आता? हा बापावर गेलाय, ऐकणार न्हाई. या गयाबाई. त्या माणसाची शेळी तरी वाचल."

लग्न विहारासमोर झालं. ऊन लय होतं, मांडवाला पांढरं कापड. मी सकाळी चावी देऊन डबी गयाच्या हातात दिली. तिनं तुमी घेतलेली पांढरी साडी नेसली होती, इस्त्रीची. मिलिंदनं सगळ्यांसमोर डावा हात पुढं केला. बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली आन् थांबली. गया पुढं गेली. चाळणी झालेल्या पट्ट्यात कोणतं भोक धरावं ते तिला उमगंना. मिलिंद हालला नाही. म्हणाला, "सावकाश, काकू. आपल्याला कसली घाई?" शेवटी बसलं. गयानं दोन्ही हातांनी त्याचं मनगट एकदा दाबलं आन् मागं सरून माझ्याजवळ येऊन बसली. पाथरीचा व्याही हात जोडून उभा होता, मोकळ्या हातानं, मोकळ्या मनानं.

मी घड्याळाकडं बघितलं, तर उलटं बांधलं होतं. गया त्याच्या समोर उभी होती ना, तिनं आपल्या बाजूनं सरळ दिसेल असं बांधलं. बाराचा आकडा त्याच्या पोटाकडं, चावी कोपराकडं. तिनं जन्मात कधी घड्याळ हातात धरलं नव्हतं, तिला काय कळणार. मिलिंदला कळलं होतं. त्याच्या दोस्तानं वाकून सरळ करायला हात घातला, तर मिलिंदनं हात मागं ओढला आन् डोळ्यानंच दटावलं. तसाच उभा राहिला. वंदना झाली, हार पडले, फोटो निघाले, सगळ्या फोटोंत घड्याळ उलटं.

मग पारूबाईला पंगतीची घाई झाली. लांबून ओरडली, "आरं मिलिंद, किती वाजले बघ की! लोक उपाशी हायत."

मिलिंदनं मनगट बघितलं. मान वाकडी केली. मग कोपर वर केलं, हात डोक्यावरून उलटा धरला, एक डोळा मिटला, तरी आकडा लागंना. शेजारी नवरी उभी, तिनं समोर येऊन त्याचा हात धरून खाली ओढला, वेळ वाचली आन् सांगितलं, "साडेबारा." मांडवात हशाचा लोट उठला. पारूबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आतापास्नं ह्येला वेळ हिलाच विचारावी लागणार!"

गया मला कोपर मारून विचारायली, "काय झालं, आक्का? कशाला हसायलेत?"

मी तिच्या कानात सांगितलं, "आगं, तू उलटं बांधलंस."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडती. आन् मग हसली, भावजी. तोंडावर पदर घट्ट धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.